घंटा, नमन आणि वस्ती : 'आंजेलस' प्रार्थनेचा अर्थ आणि विनियोग

१

मंचरकडून भीमाशंकरास जाणारी वाट घोडेगाव, डिंभे, तळेघर अशी आंबेगाव तालुक्यातून चढत जाते. देवस्थान खेड तालुक्याच्या हद्दीत मोडत असले, तरी जुन्नर-आंबेगावच्या यात्रेकरूला ते आपल्याच मुलखाचे वाटते. मंदिराच्या आवारात शनीच्या देवळापुढे एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिची घडण आपल्याकडील देवळांतल्या घंटांसारखी नाही. मे १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज अमलातील चर्चच्या ज्या घंटा घाटावर आणल्या, त्यांपैकी ही एक, अशी परंपरा आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील घंटाही याच परंपरेत सांगितली जाते.

या घंटेविषयी आजवर जे बोलले जाते ते बहुधा विजयचिन्ह म्हणून. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. येथे विचारावयाचा प्रश्न साधा आहे : डोंगरावर येण्यापूर्वी अशा घंटा माणसांना कशासाठी हाक देत असत? मिस्साविधी, लग्न, अंत्यविधी ही प्रसंगोपात्त कारणे झाली. रोजचे कारण वेगळे होते. कॅथलिक प्रदेशात चर्चची घंटा पहाटे, मध्यान्ही आणि सायंकाळी एका ठराविक पद्धतीने वाजे. प्रथम तीन ठोके, मग विराम, पुन्हा तीन, पुन्हा विराम, पुन्हा तीन, आणि शेवटी सलग ठोके. ते ऐकताच हातातले काम थांबवून लोक एक छोटी प्रार्थना म्हणत. तिच्या लॅटिन पाठातील पहिल्या शब्दावरून तिला 'आंजेलस', म्हणजे 'देवदूत', असे नाव पडले. पोर्तुगीज भाषेत त्या वेळेलाच 'आवे-मारिया' म्हणतात. प्रार्थनेचे नाव प्रहराचे नाव व्हावे, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अशा प्रार्थनांचा विचार आपल्या वाङ्मयसमीक्षेत क्वचितच होतो. त्या वाङ्मय नव्हेत, केवळ पाठांतर होत, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक जुने आहे. मंत्र निरर्थक होत, हे कौत्साचे मत यास्काने निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात नोंदवून खोडून काढले आहे. आंधळ्याला खांब दिसत नसेल तर तो खांबाचा दोष नव्हे, अशा आशयाचा दाखला त्याने दिला. शब्दाचा अर्थ आणि कर्मातील त्याचा विनियोग या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हा त्या वादाचा गाभा आहे. आंजेलसच्या निमित्ताने तोच प्रश्न पुन्हा तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

२

या प्रार्थनेची रचना आटोपशीर आहे. तीन लहान वचने, प्रत्येक वचनाला एक प्रत्युत्तर, प्रत्येक जोडीनंतर एकदा 'आवे मारिया', आणि शेवटी एक समारोपाची विनवणी. पहिले वचन सांगते की देवदूताने मरियेला वार्ता दिली आणि पवित्र आत्म्याच्या योगे ती गर्भवती झाली. दुसऱ्यात मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणवून त्या वार्तेस संमती देते. तिसरे सांगते की शब्दाने देह धारण केला व तो मनुष्यांत राहिला. पहिल्या दोहोंचा आधार लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, तर तिसऱ्याचा आधार योहानाचा पहिला अध्याय होय.

ही रचना एका हाताची नाही आणि एका काळाचीही नाही. सायंकाळच्या घंटेबरोबर तीन वेळा 'आवे मारिया' म्हणण्याची चाल आधीची. पोप बाविसावे जॉन यांनी १३१८ मध्ये तिला मान्यता दिली. मध्यान्हीची घंटा वेगळ्या प्रसंगातून आली. १४५६ मध्ये उस्मानी तुर्कांची फौज बेलग्रेडवर चालून जात असता पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा आदेश जूनअखेर काढला. जुलैत बेलग्रेड वाचले. आणि जी घंटा संकटातील याचनेसाठी सुरू झाली, तिलाच पुढे लोक विजयाचे स्मरण मानू लागले. पहाट, दुपार आणि सायंकाळ या तिन्ही धारा एकत्र होऊन प्रार्थनेला आजचे रूप येण्यास सोळावे शतक उजाडावे लागले. खुद्द 'आवे मारिया'चा उत्तरार्ध, म्हणजे पाप्यांसाठी विनंती कर ही याचना, रोमन प्रार्थनाग्रंथात १५६८ मध्ये स्थिर झाला. पुनरुत्थानाच्या पर्वकाळात आंजेलसऐवजी 'रेजिना चेली' म्हणावी, असा संकेतही नंतर रूढ झाला.

तात्पर्य, आधी घंटा होती, मग शब्द आले. विनियोग अगोदर आणि संहिता मागाहून, असा हा क्रम आहे. प्रार्थना रोजच्या वापराने झिजते व अर्थ गमावते असे म्हणणाऱ्यांनी या क्रमाकडे पाहावे. येथे रोजच्या वापरानेच अर्थाची जुळणी केली आहे.

३

आता पाठाकडे वळू. वरवर पाहता ही एक कथा आहे : वार्ता, संमती, घटना. परंतु ती कोणाच्या मुखाने सांगितली जाते याकडे लक्ष दिले म्हणजे निराळेच काही दिसू लागते. पहिले वचन तृतीयपुरुषी आहे. बोलणारा वृत्तांत सांगतो. दुसऱ्या वचनात तोच माणूस प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो, आणि ते शब्द मरियेचे असतात. क्षणभर तो मरिया होतो. तिसऱ्यात पुन्हा कथन. मधल्या 'आवे मारिया'त पूर्वार्धाचे शब्द दोघांचे आहेत. अभिवादन देवदूताचे, तर धन्यवाद मरियेची नातलग एलिझाबेथ हिचे. उत्तरार्धात मात्र बोलणारा स्वतःच्या नावाने बोलतो, आणि ते नाव आहे 'आम्ही पापी'. देवदूत, म्हातारपणी दिवस गेलेली आप्तस्त्री, तरुण मुलगी आणि शेवटी आपण स्वतः, इतक्या भूमिका एका मिनिटात पार पडतात.

दुसरी गोष्ट काळाची. वचने भूतकाळात आहेत, अभिवादन वर्तमानात आहे, आणि याचना दोन काळांना स्पर्श करते : 'आता' आणि 'मरणाच्या वेळी'. माणसाच्या आयुष्यात या दोनच घटका नक्की आहेत. मधले सर्व अनिश्चित. पहिली घटका सतत सरकत असते आणि एके दिवशी ती दुसरीला जाऊन मिळते. ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणणारा मनुष्य त्या दोन घटकांमधले अंतर तीनदा मोजतो, असे म्हणावयास हरकत नाही. समारोपाच्या विनवणीत हेच पुढे नेलेले आहे. देवदूताच्या वार्तेपासून आरंभ होऊन ती क्रुसापर्यंत आणि तेथून पुनरुत्थानापर्यंत जाते. परंपरेने तीन प्रहरांचा संबंधही असाच लावला आहे : पहाट पुनरुत्थानाची, मध्यान्ह दुःखसहनाची, सायंकाळ देहधारणेची.

तिसरी गोष्ट आवाजांची. वचन एकाने म्हणावयाचे आणि प्रत्युत्तर इतरांनी द्यावयाचे, अशी योजना आहे. एकटा मनुष्य ती म्हणू शकतो, पण तेव्हा त्याला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. आपल्याकडे कीर्तनात बुवांच्या चरणाला टाळकरी जी साथ देतात, तिचे हे दूरचे भावंड आहे. गुडघे टेकावयाचे किंवा मान लववावयाची ती तिसऱ्या वचनाला, आणि याचनेच्या जागी नव्हे. सर्वांत मोठा आदर मागण्याला नाही, घडलेल्या गोष्टीला आहे, हे या बारीक नियमातून कळते.

४

भाषांतराच्या वाटेने ही प्रार्थना आपल्याकडे आली तेव्हा अर्थाचे काय झाले, हा पुढील प्रश्न. मराठीच्या अभ्यासकाला येथे फादर स्टीफन्सचे स्मरण होणे साहजिक आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, आणि त्याची कोकणी 'दौत्रीन क्रिस्तां' त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये. देवदूताच्या वार्तेचा प्रसंग मराठी वाचकापुढे ओवीत उभा राहिला तो याच परंपरेत. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये क्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती पुण्याहून सिद्ध केली, तेव्हापासून तो ग्रंथ विद्यापीठीय अभ्यासाच्या आवाक्यात आला.

तीन शब्दांचा विचार येथे पुरेसा होईल.

पहिला शब्द अभिवादनाचा. ग्रीक मूळात देवदूत 'खायरे' म्हणतो. तो रोजच्या भेटीतला शब्द असून त्याचा वाच्यार्थ 'आनंदित हो' असा आहे. लॅटिनने त्याच्या जागी 'आवे' हे रोमन अभिवादन घातले. गोव्याच्या कोकणीत ही प्रार्थना 'नमान' या शब्दाने सुरू होते. ग्रीक शब्दात आनंद होता, लॅटिनमध्ये शिष्टाचार होता, कोकणीत वाकणे आले. मूळ प्रसंगात स्वर्गातून आलेला दूत एका खेड्यातल्या मुलीशी बोलतो. त्याने तिला वंदन करावे की तिची विचारपूस करावी, हा प्रश्न ग्रीकमध्ये उद्भवत नाही. 'नमान' म्हटल्याबरोबर तो सुटून जातो, आणि बोलणारा भक्त देवदूतापेक्षा स्वतःच्याच भूमिकेत अधिक शिरतो. अर्थात काही गमावले तरी काही मिळालेही. 'नमन' हा शब्द आपल्याकडे पूजेत जसा आहे तसाच ग्रंथारंभी आणि खेळाच्या आरंभीही आहे. कोकणातल्या खेळ्यांचा तर एक प्रकारच 'नमन' म्हणून ओळखला जातो. दिवसाचा आरंभ नमनाने होणे मराठी कानाला परके वाटत नाही ते यामुळे.

दुसरा शब्द 'दासी'. येथे भाषांतरकाराला शोध करावा लागला नाही. शब्द आपल्या परंपरेत तयारच होता. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते, तेव्हा त्या शब्दात घरकामाचा भार आणि आत्मनिवेदनाची मोकळीक या दोन्ही गोष्टी असतात. मात्र एक भेद नजरेआड होऊ देऊ नये. जनाबाईचे दास्य आधीच चालत आलेले आहे. दळण-कांडण चालू आहे आणि देव त्यात हात घालावयास येतो. मरियेला आधी विचारले जाते, आणि ती उत्तर देते. तिचे दास्य संमतीने सुरू होते. या प्रार्थनेत सर्व काही एका मुलीच्या होकारावर थबकलेले आहे, ही गोष्ट 'दासी' या परिचित शब्दाच्या सवयीने झाकली जाण्याचा संभव आहे.

तिसरा शब्द सर्वांत अवघड. योहानाच्या ग्रीकमध्ये शब्दाने 'सार्क्स', म्हणजे मांस, हे रूप घेतले. प्रचलित मराठी बायबलात येथे 'देही' हा शब्द योजलेला आहे. मराठी वाचकाने गीता वाचलेली असते. तेथे 'देही' म्हणजे देहात वसणारा, देह वस्त्रासारखा घालणारा व टाकणारा आत्मा. मूळ विधान याच्या उलट बाजूचे आहे. येथे देह हे वस्त्र नव्हे, टाकून देण्याची वस्तू नव्हे. भाषांतर चुकले असे येथे म्हणावयाचे नाही. याहून बरा शब्द सुचविणे सोपेही नाही. 'अवतार' म्हटले असते तर अनेक अवतारांच्या मालिकेत एकाची भर पडली असती. परंतु एका धर्मभाषेतील शब्द दुसरीत गेला म्हणजे तो आपले जुने नातेवाईक बरोबर घेऊन जातो, हे विद्यार्थ्यांनी या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

आणि त्याच वचनाच्या पुढच्या भागात मराठीला एक अनपेक्षित लाभ झाला आहे. ग्रीक क्रियापदाचा वाच्यार्थ 'तंबू ठोकला' असा आहे. मराठी बायबलाने तेथे 'वस्ती' हा शब्द घेतला. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गावठाणापासून दूर शेतात चार घरे असतात ती वस्ती. रात्री खेड्यात मुक्कामाला राहून पहाटे परत निघणारी एस. टी. ती वस्तीची गाडी. कापणीनंतर धनगर आपला वाडा शेतात बसवतो, काही रात्री राहतो आणि पुढे सरकतो, तीही वस्तीच. कायमचे घर आणि एका रात्रीचा मुक्काम हे दोन्ही अर्थ या शब्दात नांदतात. ग्रीकमधल्या तंबूला याहून जवळचा शब्द पांडित्याने मिळाला नसता. तो व्यवहाराने मिळाला. ज्या मूळ आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते डिंभे धरणाच्या पाण्यात गेले आहे. वस्ती उठू शकते, हे ज्या लोकांनी पाहिले आहे, त्यांना त्या शब्दाचा भार अधिक कळेल.

५

आता विनियोग. आंजेलसचा पहिला उपयोग घड्याळाचा. ज्याच्या घरी घड्याळ नाही त्याला दिवसाचे तीन भाग या घंटेने कळत. फ्रेंच चित्रकार मिये याचे 'आंजेलस' हे चित्र (१८५७–५९) याचमुळे जगभर गाजले. बटाट्याच्या शेतात एक स्त्री आणि एक पुरुष काम थांबवून खाली मान घालून उभे आहेत. दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. घंटा ऐकून काम थांबवावयास लावणाऱ्या व मृतांसाठी प्रार्थना म्हणावयास सांगणाऱ्या आपल्या आजीच्या आठवणीतून हे चित्र आले, असे चित्रकाराने म्हटले आहे. प्रार्थनेच्या पाठात मृतांचा उल्लेख नाही. तो आजीने घातला. हा विनियोगाचा अधिकार होय.

दुसरा उपयोग घराचा. गोव्यात आणि वसईत सायंकाळची घंटा ही मुलांनी घरी परतण्याची मर्यादा होती. प्रार्थना झाली की गोव्याच्या घरांतून मुले वडीलधाऱ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागत. आपल्याकडे दिवेलागणीला 'शुभं करोति' म्हणून झाल्यावर देवाला व मोठ्यांना नमस्कार करण्याची चाल होती, ती याच्या शेजारीच बसते. दोन्ही ठिकाणी प्रार्थनेचा शेवट देवाशी होत नाही. तो आजी-आजोबांशी होतो. पाठात ज्याचा मागमूस नाही असा एक अर्थ, म्हणजे दिवसाअखेर घरातली माणसे मोजून घेणे, या उपयोगाने प्रार्थनेला दिला. ज्या घरातले कोणी समुद्रावर किंवा परदेशी आहे, तेथे ही मोजणी पुरी होत नाही, आणि 'आता' हा शब्द अधिक जड होतो.

यावर असा आक्षेप येईल की हे सर्व उपयोग प्रार्थनेच्या अर्थाला बाहेरून चिकटलेले आहेत. घंटेऐवजी भोंगा असता तरी मुले घरी आलीच असती. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. भोंगा वेळ सांगतो. तो कोणाला काही म्हणावयास लावत नाही. आंजेलसचा पाठ स्वतःच रोजच्या कामात शिरलेल्या एका वार्तेचा आहे. पाठात वार्ता अवचित येते आणि ऐकणाऱ्याने होकार द्यावयाचा असतो. शेतात घंटा अवचित नसली तरी कामात व्यत्यय आणते आणि ऐकणाऱ्याने थांबावयाचे असते. पाठाची आकृती आणि वापराची आकृती एकच आहे. म्हणून येथे विनियोग अर्थाला चिकटलेला नाही. तो अर्थाची पुनरावृत्ती आहे.

६

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकाराममहाराजांना स्वप्नात ज्यांनी 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला ते हे सद्गुरू, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. या मंत्राचा वापर पाहिला म्हणजे आंजेलसशी एक मनोरंजक उलटेपणा दिसतो. मंत्र मुळात जपासाठी दिलेला. आज दोन वारकरी भेटले की तोच शब्द अभिवादन म्हणून उच्चारला जातो. येथे प्रार्थनेचे अभिवादन झाले. 'आवे' मुळात रस्त्यातले अभिवादन. त्याची प्रार्थना झाली. दोन भाषा, दोन धर्म, आणि दिशा विरुद्ध. पण दोन्हींत एकच रस्ता आहे, देवाशी बोलणे आणि माणसाशी बोलणे यांना जोडणारा. या साम्यावरून दोन्ही प्रार्थना एकच होत असा निष्कर्ष काढणे मात्र आळसाचे ठरेल. नाममंत्रात कथा नाही, पापाची कबुली नाही, मरणघटकेची याचना नाही. तेथे नाम हेच सर्वस्व आहे. आंजेलसमध्ये एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट स्त्रीच्या बाबतीत घडलेली घटना वगळली तर काहीच उरत नाही.

हाच भेद भीमाशंकरच्या घंटेतही ऐकू येतो. देवळात घंटा भक्त स्वतः वाजवतो. आपण आलो आहोत हे देवाला कळवतो. चर्चमध्ये घंटा एक सेवक सर्वांसाठी वाजवतो. कोणीतरी आले आहे हे तो माणसांना कळवतो. एकीत हाक खालून वर जाते, दुसरीत वरून खाली येते. धातू तोच, नाद तोच, दिशा फिरली. ज्यांनी ती घंटा युद्धात गमावली त्यांचे दुःख आणि ज्यांनी ती डोंगरावर वाहून नेली त्यांची श्रद्धा, या दोहोंपैकी कोणतेही खोटे ठरवण्याचा अधिकार समीक्षेला नाही. मात्र मध्यान्हीची आंजेलस-घंटाही एका युद्धाच्या सावटात जन्मली होती, हे स्मरणात ठेवले म्हणजे केवळ एकाच बाजूला लूट आणि दुसऱ्या बाजूला निर्मळ भक्ती अशी सोयीची वाटणी करता येत नाही.

जुन्नरच्या लेण्यांत तीन दानलेख असे आहेत की ज्यांत दात्याला 'यवन' म्हटलेले आहे. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनमंडप, एकाने लेण्याचा दर्शनी भाग. परक्या माणसांनी दुसऱ्याच्या उपासनेसाठी स्वेच्छेने दिलेली ही दाने. भीमाशंकरची घंटा दान नव्हती. तरीही दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच पडतो : वस्तूवर कोरलेले नाव वाचता येईनासे झाले, तरी वस्तू काम करत राहते, मग तिचा अर्थ कोणता धरावा?

या लेखापुरते उत्तर असे. अर्थ केवळ पाठात असता, तर लॅटिन न कळणाऱ्या वसईच्या शेतकऱ्याने शतकानुशतके निरर्थक शब्द उच्चारले असे म्हणावे लागेल, आणि कौत्स जिंकेल. अर्थ केवळ वापरात असता, तर प्रार्थना आणि भोंगा यांत भेद उरणार नाही. आंजेलसच्या बाबतीत पाठ आणि वापर परस्परांचे भाष्य करतात. ज्याला शब्द कळत नव्हते त्यालाही हातातले काम ठेवून उभे राहणे कळत होते; आणि त्या उभे राहण्यात, न विचारता आलेल्या हाकेला होकार देण्याची जी मुद्रा आहे, ती प्रार्थनेच्या दुसऱ्या वचनाहून वेगळी नाही.

मौखिक प्रार्थनांचे संकलन करताना आपले विद्यार्थी बहुधा संहिता उतरवून घेतात आणि परततात. त्याबरोबरच ती कोणत्या वेळी, कोणते काम थांबवून, कोणाच्या सांगण्यावरून म्हटली जाते आणि ती संपल्यावर प्रथम कोणाच्या पाया पडतात, हेही त्यांनी नोंदवावे. नाहीतर खांब तेथेच राहील, आणि आपल्याला तो दिसणार नाही.